डायपरमधील ओलावा-सेन्सर

एकदा वापरून टाकून द्यायच्या डायपरमध्ये लघवी झाली की तो न उघडता बाहेरून कळावे, यासाठी केलेली सोय म्हणजे ओलावा-सेन्सर. यात रंग बदलणाऱ्या साध्या पट्टीपासून रेडिओलहरींवर खबर देणाऱ्या चिपपर्यंत सगळे येते. शी झाल्याचे ओळखणे हे याच विषयाचे पुढचे आणि बरेच अवघड अंग आहे. डायपर काही तासांत कचऱ्यात जातो, त्यामुळे त्यात बसवायची वस्तू रुपया-दोन रुपयांच्या वर गेली तर रोज वापरणाऱ्या घराला परवडत नाही. या क्षेत्रातले बहुतेक संशोधन ह्या एकाच अटीभोवती फिरते.

सुती लंगोट किंवा दुपटे ओले झाले की बाळाला गार लागते, ते रडते आणि घरच्यांना कळते. डायपरने हीच खबर बंद केली. त्याचा अंगालगतचा नॉनवोव्हन (न विणलेल्या कापडाचा) थर लघवी खाली जाऊ देतो. आत लाकडाच्या लगद्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे साखरेसारखे दाणे मिसळलेले असतात. हा पदार्थ शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषतो; लघवीत क्षार असल्याने तिथे हे प्रमाण साधारण ३० ते ५० पटींवर येते. दाणे फुगून जेल होते आणि दाबले तरी पाणी सहसा सोडत नाही. सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. डायपर जितका चांगला, तितकी आतली ओल कमी जाणवते, आणि तो तितकाच जास्त वेळ अंगावर राहतो. मग लघवीतल्या युरियापासून जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो, त्वचेची आम्लता कमी होते, विष्ठेतली एन्झाइमे जोमाने काम करू लागतात आणि लाल पुरळ उठते. बाळाच्या बाबतीत हे काही दिवसांत बरे होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा मात्र पातळ झालेली असते. तीच जागा सतत दबलेली राहिली तर ओल बेडसोरला, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेला, निमित्त होते.

ओल ओळखून इशारा देण्याची कल्पना डायपरपेक्षा जुनी आहे. १९०४ मध्ये ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ फाउंडलर यांनी वॉर्डातल्या मुलाचे अंथरूण ओले झाल्याचे परिचारिकेला कळावे म्हणून विजेची घंटा जोडली. घंटेने मुले जागी होऊ लागली आणि त्यांची अंथरुणात शू करण्याची सवयच कमी झाली. १९३८ मध्ये अमेरिकेत मावरर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ही रीत उपचार म्हणून रूढ केली. दोन धातूच्या जाळ्या, मध्ये कापड, आणि ओल पोचताच पूर्ण होणारे विद्युतमंडल. आजच्या स्वस्त सेन्सरमागेही हेच तत्त्व आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पसरलेला प्रकार म्हणजे डायपरच्या बाहेरून दिसणारी पिवळी रेघ. तिच्या चिकट द्रव्यात बहुधा ब्रोमोफेनॉल ब्लू हे रंगद्रव्य असते. ते ३.० पीएचच्या (आम्लतेच्या मापाच्या; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) खाली पिवळे आणि ४.६ च्या वर निळे दिसते. लघवीचा पीएच साधारण ६ च्या आसपास असल्याने ओल लागताच रेघ हिरवट-निळी होते. बॅटरी लागत नाही, खर्चही नगण्य. पण ती बघावी लागते. रात्री दोन वाजता आजोबांच्या अंगावरची चादर काढा, धोतर किंवा पायजमा सरकवा, मोबाइलचा टॉर्च मारा, मग रेघ दिसणार. त्यापेक्षा काळजी घेणारी बाई सरळ कडेने बोट घालून बघते, आणि त्यात झोपलेल्या माणसाची झोपही जाते आणि लाजही.

विजेवरच्या प्रकारात आतल्या पापुद्र्यावर कार्बनच्या शाईच्या किंवा धातूच्या दोन समांतर रेघा असतात. कोरड्यात त्यांच्यामधून वीज जवळजवळ वाहत नाही. खारट लघवी पोचली की विजेला होणारा रोध एकदम पडतो. महाग भाग, म्हणजे बॅटरी आणि ब्लूटूथ, चिमट्यासारखा बाहेर अडकवून पुन्हा वापरता येतो. यातल्या अडचणी अनुभवानेच कळतात. घामाने खोटा इशारा मिळतो, चिमटा धुऊन ठेवावा लागतो, आणि पहिल्याच चमचाभर लघवीला घंटा वाजली तर दोन दिवसांत कुणीही ती बंद करून ठेवते. डायपर कितपत भरला, हे कळणे जास्त उपयोगाचे असते.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी मांडलेली युक्ती मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटते. दुकानातल्या कपड्यांवर असते तशी बॅटरी नसलेली आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचली जाणारी) चिकटपट्टी त्यांनी शोषक थराखाली ठेवली. अशा पट्टीला पाणी हे एरवी शत्रूसारखे, कारण ते रेडिओलहरी शोषते. इथे मात्र फुगून किंचित विद्युतवाहक झालेले जेल हेच अँटेनाचा भाग बनते. कोरडी असताना पट्टी गप्प राहते आणि ओली झाली की बोलते. जेलची वाहकता वाढवण्यासाठी थोडे तांबे घातल्यावर संदेश एक मीटरच्या पुढे पोचला. पट्टीची किंमत दोन अमेरिकी सेंटपेक्षा कमी, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दीड रुपया. चाचण्या बाहुल्यांवर, मिठाचे पाणी ओतून झाल्या. लहरी वाचणारे यंत्र स्वस्त नाही, पण एका वॉर्डातल्या अनेक खाटांना मिळून त्याचा खर्च वाटून जातो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात मिठाच्या द्रावणात भिजवून वाळवलेल्या कागदावर पेन्सिलीने इलेक्ट्रोड (वीज वाहणाऱ्या रेघा) रेखाटून आर्द्रतेचा सेन्सर बनवला गेला. असे चार सेन्सर डायपरच्या थरांमध्ये ठेवून ओल किती पसरली याचा अंदाज घेता येतो.

शी ओळखणे अजून सुटलेले नाही. घट्ट शीमध्ये वाहणारे पाणी कमी असते, त्यामुळे रेघांपर्यंत काही पोचत नाही. अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड अशा वायूंवरून ओळखायचे तर बाजारातल्या स्वस्त गॅस-सेन्सरमध्ये सतत तापणारी तार असते. ती बॅटरी खाते, शिवाय नुसता वारा सरला तरी फसते. खरे तर त्वचेची हानी शीने जास्त होते, आणि नेमके तिथेच स्वस्त उपाय नाही.

वृद्धांची संख्या जास्त असलेल्या जपानमध्ये ही गरज ठळकपणे जाणवते. तिथे युनिचार्म कंपनीने २०११ मध्येच बाळांपेक्षा मोठ्यांचे डायपर जास्त विकले, तर ओजी होल्डिंग्जने २०२४ मध्ये देशातले बाळांच्या डायपरचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले.

सेन्सरमुळे कचऱ्याचा प्रश्न मात्र वाढतो. आरएफआयडी पट्टीत सिलिकॉनची चिप आणि धातूचा पातळ पत्रा असतो. विष्ठेने भरलेल्या डायपरमधून तो वेगळा काढणे शक्य नाही आणि कुणाला तसे करायला लावणे योग्यही नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम चालवली, म्हणजे ओला-सुका कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला पुडके न उघडता आत काय आहे ते कळते. चिमट्याचा सेन्सर असेल तर पुडके बांधण्याआधी तो काढून घ्यावा.