कनकेश्वरची चढाई: निघायच्या आधी हे वाचून घ्या

बुकिंगच्या वेळी बहुतेक जण एकच विचारतात, पायऱ्याच आहेत ना, मग ट्रेक कसला? तर आधी तेच सांगतो. अलिबागजवळचा कनकेश्वरचा डोंगर साधारण 380 मीटर उंच आणि पायथ्याचं मापगाव जवळजवळ समुद्राच्याच पातळीला, म्हणजे सगळीच्या सगळी उंची आपल्या पायांनी चढायची. घाटावरच्या कितीतरी किल्ल्यांना गाडीच निम्म्या उंचीवर नेऊन सोडते, इथे तशी सोय नाही. पायऱ्या सातशेच्या वर आहेत, पण नुसत्या पायऱ्या असत्या तर सोपं होतं, मधेमधे दगडी फरसबंद चढ आहे आणि खरा दम तोच काढतो, कारण पाऊल सपाट टेकत नाही आणि पोटऱ्या सतत ताणलेल्या राहतात. रोज अर्धा तास चालणाऱ्या माणसाला हा चढ जमतो, अजिबात सवय नसेल तर जड जाईल. थांबत थांबत दीड तास धरा, उतरायला तासभर.

वाट जुनी आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरदार रघोजी आंग्रे, त्यांच्या दिवाणांनी ती बांधून घेतली, त्यामुळे मधले दगड पावलांनी झिजून पार गुळगुळीत झालेत. चढताना कडेनं चाला, तिथे दगड अजून खरखरीत आहे, बूट पकडतो. नागोबाचा टप्पा, पालेश्वर, देवाची पायरी असे थांबे आहेत आणि आम्ही प्रत्येक ठिकाणी थांबतोच, कोणी दमलं असो नसो. पहिल्या टप्प्याला जोरात जाणारे पालेश्वरापर्यंत लाल होतात हे आम्ही दर बॅचला बघतो, तेव्हा सुरुवातीला मुद्दाम हळू चाला, बोलता बोलता चढता आलं पाहिजे इतकंच.

आता घामाचं. किनाऱ्यावरच्या हवेत ओल इतकी असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून इथला 30 डिग्री तापमानातला चढ पुण्याच्या 35 पेक्षा भारी पडतो. पाणी माणशी दोन लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. नुसतं पाणी ढोसलं तर मीठ भरून निघत नाही, मग पायात गोळे येतात. आम्ही सकाळी साडेसहाला चढायला लागतो ते याचसाठी, जास्तीत जास्त चढ झाडांच्या सावलीत उरकला पाहिजे. आदल्या रात्री पायथ्याजवळ मुक्काम करणं सगळ्यात बरं.

वर आलं की पश्चिमेला सगळा किनारा उघडतो. हवा स्वच्छ असेल तर थळच्या समोर दोन बेटं दिसतात, मोठं खांदेरी आणि किनाऱ्याजवळचं उंदेरी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी बांधायला घेतली, इंग्रजांनी आरमार आणून अडवायचा प्रयत्न केला पण काम थांबलं नाही, मग लगेच 1680 च्या सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारचं उंदेरी धरलं. म्हणजे इतकी जवळजवळची दोन बेटं आणि दोन शत्रूंच्या ताब्यात, हे पुस्तकात वाचून कळत नाही, वरून एका नजरेत दोन्ही दिसली की कळतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. खाली किनाऱ्यावर किहीम, तिथेच सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण घेऊन या आणि आम्हाला आधी सांगा, त्या बॅचला वेळ वाढवून ठेवतो.

बदामी बघून आलेले ग्राहक हमखास विचारतात, हा दगड वालुकाश्म का? नाही, हा काळा कातळ, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एखादा दगड नीट जवळून बघा, त्यात बारीक बारीक भोकं दिसतील, ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, आणि काही भोकांत नंतर पांढरं खनिज भरलंय. बोट फिरवलं तर वालुकाश्मासारखे वाळूचे दाणे लागत नाहीत. कोकणात घरांना, विहिरींना लावतात तो जांभा वेगळा, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. आणि वालुकाश्माच्या जवळचं काही हवंच असेल तर कोकणातल्या काही किनाऱ्यांवर करळ मिळतो, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्यानं घट्ट बांधला जाऊन झालेला दगड, हातात घेतला तर आतले शिंपले सरळ ओळखू येतात. आम्हाला स्वतःला हा भाग फार आवडतो, त्यामुळे लीडरला विचारा, तो कंटाळणार नाही.

वर देऊळ आणि शेजारी पुष्करणी. हे लोकांच्या श्रद्धेचं ठिकाण आहे, म्हणून देवळात बूट बाहेर, स्पीकर बंद, पुष्करणीत साबण-शाम्पू नको. प्लास्टिक वर नेलंत तर खाली आणायचंच. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवारी तुडुंब गर्दी असते, त्या तारखांना आम्ही बॅच ठेवत नाही.

उतरताना गुडघे बोलायला लागतात. सरळ न उतरता जरा नागमोडी उतरा, काठी असेल तर आधी काठी मग पाय. पावसाळ्यात दगडावर शेवाळ येतं, रबरी चपला आणि झिजलेले स्पोर्ट्स शूज घातलेल्यांना आम्ही पायथ्यावरूनच परत पाठवतो, वाईट वाटून घेऊ नका. झाडीत हात घालू नका, फुरसं, म्हणजे विषारी साप, दगडांच्या फटीत असतं. मोहोळ दिसलं तर आवाज न करता पुढे निघायचं, अंगाला परफ्यूम नको.

खाली आल्यावर जेवण एका घरी सांगितलेलं असतं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी आणि सीझन असला तर अलिबागचा पांढरा कांदा. मासे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

मुंबईहून येणाऱ्यांसाठी, गेटवेवरून मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, आहे पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात, तेव्हा परतीच्या दिवशी रात्रीचं काही ठरवून ठेवू नका. रविवारची संध्याकाळची तिकिटं लवकर भरतात, बुकिंग नक्की झाल्या झाल्या काढून टाका. दमा, बीपी, शुगर, गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण, यातलं काही असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका, त्याप्रमाणे आम्ही एक लीडर तुमच्यासोबत मागे ठेवतो आणि देवाच्या पायरीवरून परत फिरायचं असलं तरी तो तुमच्याबरोबर उतरतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.