मध्यस्थीची प्रार्थना (मिशनकार्यातील)

दुसऱ्याच्या वतीने देवाला केलेली विनंती. मराठी ख्रिस्ती वापरात ‘रदबदली’ हा जुना शब्दही याच अर्थाने येतो. मिशनकार्यात मायदेशीची मंडळी (स्थानिक चर्च) दूर गेलेल्या कार्यकर्त्यांसाठी व तेथील लोकांसाठी नेमल्या वेळी, वर्षानुवर्षे ही प्रार्थना करते. आधार मुख्यतः बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांचा. कलस्सैकरांस ४:३ मध्ये बंदिवान पौल सुटका मागत नाही. वचनासाठी दार उघडावे, म्हणजे उपदेशाची संधी मिळावी, एवढेच मागतो.

या प्रथेच्या उगमाविषयी एकमत नाही. सर्वसाधारणपणे तो जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील हेर्नहुट येथे मानला जातो. काउंट त्सिंत्सेनडॉर्फ यांच्या जमिनीवर १७२२ पासून वसलेल्या मोरेव्हियन (मोरेव्हियातून आलेल्या प्रोटेस्टंट) निर्वासितांपैकी २४ पुरुष व २४ स्त्रियांनी ऑगस्ट १७२७ च्या अखेरीस दिवसरात्रीचे तास चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले. वेदीवरील अग्नी विझू नये, ही बायबलच्या लेवीय पुस्तकातील (६:१३) आज्ञा त्यांच्यापुढे होती. अखंड प्रार्थना त्याआधीही होती. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या ‘न झोपणाऱ्या’ मठवासीयांनी ती चालवली, पण तिचा भर स्तुतीवर होता. हेर्नहुटची तासवारी आरंभापासून मिशनसाठीच होती, असे मात्र म्हणता येत नाही. पहिले मिशनरी डोबर व निचमान १७३२ मध्ये कॅरिबियनमधील सेंट टॉमस बेटाकडे निघाले. म्हणजे प्रार्थना आधी व मिशन पाच वर्षांनी. तिचा रोख हळूहळू परदेशाकडे वळला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ती शंभर वर्षे अखंड चालली, ही परंपरा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्येक तास भरला गेला, असा तिचा शब्दशः अर्थ घेऊ नये.

दुसरा प्रवाह ब्रिटनचा. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील पाळकांनी एकाच वेळी ठिकठिकाणी प्रार्थना करण्याचा करार केला. १७८४ मध्ये जॉन सटक्लिफ यांच्या सूचनेवरून नॉर्दॅम्प्टनशरच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी महिन्याचा पहिला सोमवार, संध्याकाळचा एक तास ठरवला. पंथाची मर्यादा मुद्दाम ठेवली नाही. याच मंडळ्यांतून १७९२ मध्ये मिशन सोसायटी निघाली व पुढल्या वर्षी तिचे मिशनरी विल्यम केरी बंगालला आले.

प्रार्थना टिकते ती बातमीवर. हेर्नहुटला प्रार्थना करणारे आठवड्यातून एकदा जमत व नव्या गरजा त्यांना सांगितल्या जात; मासिक सभेत मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात. पत्रे थांबली की विनंती ‘सर्व मिशनऱ्यांना आशीर्वाद दे’ अशी मोघम होते आणि हजेरी गळते. दुसरी अडचण विलंबाची. शिडाच्या जहाजाने पत्र यायला चार-सहा महिने लागत. ज्या आजाऱ्यासाठी गुडघे टेकले, तो कधीच दफन झालेला असे. म्हणून प्रसंगापेक्षा दीर्घकाळ चालणाऱ्या गोष्टी (भाषा, भाषांतर, सहकाऱ्यांतील सलोखा) मागणे अधिक योग्य ठरते. सलोख्याची विनंती बहुधा राहून जाते, आणि मिशनची ठाणी मोडतात ती पुष्कळदा तिथेच. आज निरोप क्षणात पोचतो, पण कार्यकर्त्याच्या पत्रातील स्थानिक माणसाचे नाव उघड झाल्यास त्याला धोका संभवतो. त्यामुळे नावे गाळतात.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण केडगावच्या मुक्ति मिशनचे, म्हणजे निराधार स्त्रिया व मुलींच्या आश्रमाचे. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी तेथील मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. प्रथम सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत सुमारे ५५० दिवसातून दोनदा जमत, असे समकालीन वृत्तांतांत आहे. येथे प्रार्थना करणाऱ्या मायदेशीच्या नव्हत्या. ज्यांच्यासाठी मिशन होते, त्याच मध्यस्थ झाल्या.