डिशमध्ये यकृतपेशी: वीस दिवसांची कसरत

मूळपेशींना, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलना, पोषक द्रव दिला की आपोआप यकृत वाढतं, असा समज बातम्यांच्या मथळ्यांनी पसरवला आहे. नुसतं पोषण दिलं तर डिशमध्ये सगळी खिचडी होते: इकडे चेतापेशींचे धागे, तिकडे धडधडणारा हृदयस्नायूंचा ठिपका. यकृतपेशीच हवी असेल, तर गर्भात तिला मिळणारे रासायनिक संदेश त्याच क्रमाने द्यावे लागतात.

सुरुवात बहुधा आयपीएस पेशींपासून होते, म्हणजे त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन. हे तंत्र जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांचं; उंदरात २००६, माणसात २००७.

सगळी गंमत पहिल्या पाच दिवसांत आहे. गर्भात नोडल नावाचं प्रथिन पेशींना आतड्याकडच्या थरात, म्हणजे अंतःस्तरात ढकलतं. प्रयोगशाळेत त्याऐवजी अ‍ॅक्टिव्हिन-ए वापरतात, कारण ते पेशीवरच्या त्याच ग्राहींना चिकटतं. मात्रा साधारण १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ती एवढी मोठी का? कारण हेच प्रथिन थोडं असेल तर पेशी मूळपेशीच राहतात; भरपूर असेल तरच अंतःस्तर बनतो. संदेश एकच, अर्थ मात्रेवर ठरतो! याच टप्प्यावर द्रवात इन्सुलिन राहिलं तर घात होतो. ते पीआय३के हा मार्ग चालू करतं आणि तो पेशींना मूळ अवस्था सोडू देत नाही. म्हणून सुरुवातीला बी-२७ हे पूरक इन्सुलिनविरहित घेतात. पेशी विरळ पेरल्या तर या पाच दिवसांत पटापट मरतात, फार दाट झाल्या तर सोलून निघतात. पाचव्या दिवशी सॉक्स-१७ हे अंतःस्तराची खूण असलेलं प्रथिन बहुतेक पेशींत दिसलं नाही, तर ती डिश टाकून द्यावी. पुढची महागडी प्रथिनं वाया घालवू नयेत.

पुढचे पाच दिवस बीएमपी-४ आणि एफजीएफ-२ ही संदेश देणारी प्रथिनं. गर्भात हे संदेश शेजारच्या हृदयाकडून आणि त्याच्याजवळच्या ऊतीकडून येतात. मग पाच दिवस एचजीएफ, शेवटी ऑन्कोस्टॅटिन-एम, हीदेखील तशीच प्रथिनं. मधल्या दोन टप्प्यांत ऑक्सिजन चार टक्केच ठेवतात.

विसाव्या दिवशी बहुकोनी पेशी अल्ब्युमिन हे यकृताचं नेहमीचं प्रथिन स्रवू लागतात. पण त्या प्रौढ नसतात. अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भावस्थेतलं प्रथिन त्या बनवतच राहतात, आणि अनेक औषधांचं विघटन करणारं सीवायपी३ए४ हे विकर (एन्झाइम) मात्र प्रौढ पेशीच्या तुलनेत फारच कमी. त्यामुळे औषधांच्या विषारीपणाच्या चाचणीत त्या सहज फसवतात.

संख्येचंही पाहा. सहा-खणी प्लेटच्या एका खणात दहा-वीस लाख पेशी. माणसाच्या यकृतात दहा हजार कोटींहून अधिक. ‘स्टेम सेल इंजेक्शनने सिरॉसिस बरा’ ही जाहिरात म्हणूनच निव्वळ लूट आहे. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण वगळता बाकी सारे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतात.

या अर्धवट पेशींचा खरा उपयोग आनुवंशिक आजारांत होतो. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या प्रथिनाच्या दोषात चुकीच्या घडीचं प्रथिन यकृतपेशीत साठत जातं. रुग्णाच्याच त्वचेपासून बनवलेल्या पेशींतही ते साठतं, आणि त्यावरचं औषध रुग्णाला हातही न लावता तपासता येतं.