आरव्हीचा टप : वरच्या अडथळ्यांनी होणारी मोडतोड व दुरुस्ती

आरव्ही म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली प्रवासी गाडी : मोटरहोम, ट्रेलर किंवा पिकअपला जोडायचे 'फिफ्थ व्हील'. अमेरिका व कॅनडात या गाड्यांचे टप पूल, छपरे आणि फांद्यांना लागून फाटणे नेहमीचे आहे. दोष पुलाला दिला जातो. पण पेट्रोल पंपाच्या छपराखाली किंवा कॅम्पच्या जागेत गाडी मागे घेताना, माणसाच्या चालीने जातानाही टप सहज फाटतो.

कारण टपाच्या घडणीत आहे. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तुळया, त्यावर जेमतेम १ सेंमी. जाडीचे प्लायवूड, त्यावर चिकटवलेला सुमारे १ मिमी. जाडीचा ईपीडीएम या कृत्रिम रबराचा किंवा टीपीओ या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा थर. काही गाड्यांना फायबरग्लासचा टप असतो. तो फाटत नाही, तडकतो. मोडलेल्या फांदीचे टोक रबरात सुरीसारखे शिरते.

उंची कंपनीच्या माहितीपत्रकावरून धरू नये. एसी, अँटेना आणि मागाहून बसवलेली सोलर पॅनेल धरून ती मोजावी लागते. गाडी सपाट जागी, टायरमध्ये ठरलेली हवा, एअर सस्पेन्शन प्रवासाच्या उंचीवर. टपावरच्या सर्वांत उंच भागावर सरळ फळी आडवी ठेवून टोक गाडीबाहेर काढावे, पाणसळीने समतल करावे आणि फळीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायची टेप धरावी. आलेल्या आकड्यात किमान ३ इंच मिळवून तो चालकासमोर चिकटवावा, फूट-इंच आणि मीटर दोन्हींत. कॅनडातील पाट्या मीटरच्या असतात : १३ फूट ६ इंच म्हणजे ४.११ मी., आणि ४.१ ची पाटी पाहून 'तेवढेच की' म्हणणारा एसी गमावू शकतो.

पाटीवरही डोळे मिटून विसंबू नये. डांबराचा नवा थर चढला की पुलाखालची जागा तेवढी घटते. पुलाखाली रस्ता खोलगट असेल तर लांब गाडीची पुढची-मागची चाके दोन्ही चढांवर राहतात आणि मधला भाग वर उचलल्यासारखा होतो. अमेरिकेतील युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातील १९३० सालचा बोगदा कमानीचा आहे. मध्यावर उंची असली तरी कडेला नाही, म्हणून ११ फूट ४ इंचांच्या वरच्या गाडीला तेथे आपल्या लेनमधून जाता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमचा रेल्वेपूल ट्रकांचे आणि आरव्हींचे टप सोलण्यासाठी इतका प्रसिद्ध झाला, की २०१९ मध्ये तो ११ फूट ८ इंचांवरून १२ फूट ४ इंचांवर उचलावा लागला. त्यानंतरही गाड्या आदळतातच. फोनवरचे साधे नकाशे गाडीची उंची विचारत नाहीत. ट्रक किंवा आरव्हीसाठीचा जीपीएस विचारतो. हाताने फिरवून उभारायचा अँटेना खाली घ्यायचा राहतो तो निघण्याच्या गडबडीत. उभारतानाच स्टिअरिंगला लाल चिंधी बांधणे, हा सर्वांत स्वस्त उपाय.

धडकेनंतर खरा खर्च भोकाचा नसतो, पाण्याचा असतो. पाणी तुळईच्या कडेने सरकत जाऊन भोकापासून बऱ्याच अंतरावर ठिबकते, तोवर प्लायवूड कुजू लागलेले असते. शिवाय हायवेच्या वेगात फाटलेल्या कडेखाली वारा शिरून रबर फुग्यासारखे सुटते. म्हणून प्रथम जागेवरच टेप लावावी. मग फाटलेल्या भागाभोवती तळहाताने दाबून पाहावे. मऊ लागले, तर तेवढे लाकूड कापून बदलावे. नुसते ओले असेल, तर पूर्ण वाळेपर्यंत वरून काहीही चिकटवू नये.

लहान फाट असेल तर सौम्य साबण-पाण्याने धुवून, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पेट्रोल किंवा थिनर नको, ईपीडीएम फुगते. फाटेच्या चहूबाजूंनी २ इंच पुढे जाईल अशी इटर्नाबाँडसारखी टप-दुरुस्तीची चिकट टेप कोपरे गोल कापून बसवावी व रोलरने जोर देऊन दाबावी. ती दाबानेच चिकटते, नुसता हात फिरवून नाही. कडांवर लॅप सीलंट, म्हणजे टपाच्या कडा-सांधे बंद करणारा चिकट लेप. आपोआप पसरणारा सीलंट सपाट टपासाठीच. उभ्या कडेवर तो ओघळतो, तिथे न ओघळणारा घ्यावा. साधे सिलिकॉन मुळीच नको : पुढे त्यावर दुसरे काही धरत नाही आणि खरवडून काढताना रबर जाते.

एसीला धक्का बसला असेल, तर नुसते वरचे प्लॅस्टिक झाकण फुटले असे समजून थांबू नये. १४ × १४ इंचांच्या भोकाभोवतीचा गॅस्केट (एसी व टप यांमधली फट बंद करणारी मऊ पट्टी) सरकलेला असू शकतो. तो नवा घालून आतून चारही बोल्ट आळीपाळीने, गॅस्केट दबून सुमारे अर्धा इंच राहीपर्यंतच आवळावेत. त्याहून जास्त आवळले तर तो चेपतो आणि पुढच्या पावसात तेथूनच गळती सुरू होते.

भारतातून सुटीला जाऊन मोटरहोम भाड्याने घेणाऱ्यांनी करारातले विम्याचे कलम आधी वाचावे. टपाचे नुकसान त्यातून अनेकदा वगळलेले असते.