नवी रेड वाइन चाखायची पद्धत आली कुठून?

सांगली जिल्ह्यात वाइनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "जितकी जुनी तितकी भारी." काउंटरवरचा पोरगा पण तेच सांगतो, तीन-चार वर्षं शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली फडक्यानं पुसून पुढं करतो आणि म्हणतो, "साहेब ही घ्या, जुना माल आहे." आता तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, जत असा सगळा द्राक्षाचा पट्टा, इथला शेतकरी मणी तोंडात टाकून साखर कितीपर्यंत आली ते अंदाजानं सांगतो आणि मग रिफ्रॅक्टोमीटर लावला की फारसा फरक निघत नाही, अशा ठिकाणी हा समज इतका घट्ट कसा बसला ह्याचं मला कायम नवल वाटतं. कारण इतिहास बघितला तर माणसानं बहुतेक काळ नवीच वाइन प्यायली आहे, आणि जुनी म्हणजेच भारी हे खूळ तसं अलीकडचं, फार तर साडेतीनशे वर्षांतलं.

जुन्या ग्रीसमध्ये अँथेस्टेरिया नावाचा सण होता, आपल्या माघ-फाल्गुनाच्या सुमारास, आणि त्याचा पहिला दिवसच मुळी नव्या वाइनच्या रांजणांची तोंडं उघडायचा. रोमन लोकांचा पण २३ एप्रिलला असाच नव्या वाइनचा दिवस असायचा, पहिली धार देवाला आणि मग माणसांना. रोमन लोक वाइन मुरवायचे हे खरं, इ.स.पू. १२१ सालची वाइन त्यांच्यात पिढ्यानपिढ्या गाजत होती, पण ती श्रीमंतांची हौस आणि ती जमायची कारण त्यांच्याकडं तोंड नीट बंद होणारे मातीचे उभे रांजण होते. पुढं युरोपात लाकडी पिंपं आली आणि मुरवणं जवळपास संपलंच. पिंप अर्धं झालं की वर हवा साठते आणि वाइनचं व्हिनेगर व्हायला लागतं. त्यामुळं मध्ययुगात फ्रान्समधल्या बोर्डोहून इंग्लंडला दर हिवाळ्यात नवी वाइन जहाजानं जायची, आणि ती बंदरात उतरली की गेल्या वर्षीच्या उरलेल्या मालाचा भाव धाडकन पडायचा. म्हणजे आजच्या बरोबर उलटं, नवा माल महाग आणि जुना मातीमोल.

आपल्याकडं पण हा विषय अगदीच परका नव्हता बरं का. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षाच्या रसाच्या मद्याला मधु म्हटलंय आणि त्याची कापिशायन, हारहूरक अशी नावं दिलीत, म्हणजे ज्या प्रदेशातून आलं त्या प्रदेशाचं नाव. माल कुठला ते आधी विचारायची खोड इतकी जुनी आहे.

मग बदललं काय? तर बाटली बदलली. १६१५ साली इंग्लंडच्या राजानं काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी घातली, कारण जहाजं बांधायला ओकचं लाकूड पुरेना, आणि भट्टीवाले झक मारत दगडी कोळशाकडं वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळं काच जाड, काळपट आणि मजबूत व्हायला लागली. तिला बूच घट्ट बसवता यायला लागलं आणि पुढं अठराव्या शतकात आडवी रचून ठेवता येईल अशी सरळसोट बाटली आली. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, ओलं राहिलं की आक्रसत नाही, आणि हवा आत जात नाही. मुरवलेली बोर्डो हा सगळा प्रकार ह्या बाटलीवर उभा आहे, आणि बाटलीच्या मुळाशी जहाजांसाठी लाकूड वाचवायचा सरकारी हुकूम. मला तरी ह्यात भारी गंमत वाटते.

पण बाटलीत ठेवायची म्हटलं की प्रश्न येतो, कुठली वाइन ठेवण्यालायक आहे हे ती नवी असतानाच ओळखायचं कसं? नवी रेड वाइन बारकाईनं चाखायची कला इथंच वाढली आणि ती वाढवली व्यापाऱ्यांनी. प्यायची मजा हा भाग त्यात नंतर आला. फ्रान्समधल्या बर्गंडी भागातले व्यापारी गळ्यात तास्तव्हँ नावाची चांदीची उथळ वाटी अडकवून फिरायचे. तळघरात अंधार, हातात मेणबत्ती, पिंपाच्या वरच्या भोकातून काचेच्या नळीनं थोडी वाइन ओढून वाटीत घ्यायची. वाटीच्या बुडाला मुद्दाम फुगवटे आणि खाचा केलेल्या असायच्या, त्यावर उजेड पडला की पातळ थरातनं वाइनचा रंग आणि गढूळपणा लगेच दिसायचा. वास घेऊन, घोट तोंडात खळखळून जमिनीवर थुंकायचं आणि पुढच्या पिंपाकडं. आज वाइन टेस्टिंगला लोक ग्लास फिरवताना आणि थुंकताना दिसतात आणि आपल्याकडं त्याला हसतात, पण दिवसाला पन्नास पिंपं तपासायची तर माणूस काय पिऊन बसणार आहे का! तासगावला बेदाण्याच्या सौद्यात जाऊन बघा, व्यापारी बॉक्समधनं मूठभर माल घेतो, रंग बघतो, नाकाला लावतो, दोन दाणे चावतो आणि बोली लावून पुढं सरकतो, त्यातलाच हा प्रकार.

बोर्डोत ह्याला पुढं मोठं बाजारी रूप आलं. शरद ऋतूत काढलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या वसंतात पिंपातच चाखायची आणि बाटलीत भरायच्या आधीच विकून टाकायची, आन प्रिमर म्हणतात त्याला. १९८२ च्या हंगामाची वाइन रॉबर्ट पार्कर नावाच्या अमेरिकन समीक्षकानं अशी कच्चीच चाखली आणि ही जबरदस्त होणार असं ठासून सांगितलं, बाकी बऱ्याच जणांना ती फार मऊ, फार लवकर पिकलेली वाटत होती. पार्करचं म्हणणं बरोबर निघालं आणि तिथून पुढं शंभरपैकी मार्कांचं राज्य सुरू झालं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मार्कांनी नुकसानच जास्त केलं, कारण सहा महिन्यांच्या वाइनला ९५ मार्क पडायचे असतील तर ती गडद आणि दणकट करण्याकडं बनवणाऱ्याचा कल जाणारच.

त्याच्या आधी १९७६ मध्ये पॅरिसला झालेला प्रसंग ह्या संदर्भात सांगायलाच पाहिजे. २४ मे रोजी स्टीव्हन स्परियर ह्या इंग्रज व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांपुढं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ ची, म्हणजे जेमतेम तीन वर्षांची. फ्रेंचांचा बचाव असा की आमच्या वाइन अजून तयार व्हायच्यात, थांबा थोडी वर्षं. २००६ साली, तीस वर्षांनी, त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या तर पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या! नवी असताना चवीला चांगली लागते म्हणजे पुढं टिकणार नाही, हा हिशेब त्या दिवशी मोडला.

आता दुसरी बाजू, म्हणजे जी वाइन नवीच प्यायची म्हणून बनवतात ती. इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण नवी बोर्डो चाखणं आणि नवी बोजोले (बर्गंडीच्या दक्षिणेकडच्या बोजोले भागातली वाइन) पिणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत तुम्ही पुढं काय होईल त्याचा अंदाज घेता आणि दुसरीत जे समोर आहे ते एवढंच. बोजोलेचं द्राक्ष गामे. ह्या गामेला १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकनं वाईटसाईट बोलून आपल्या मुलखातून हाकलायचा हुकूम काढला होता, पीक भरपूर देतं पण दर्जा नाही म्हणून. ते दक्षिणेला बोजोलेत सुखानं नांदलं. तिथं नवी वाइन हंगाम संपता संपता लिओं शहराच्या खानावळींत जायचीच, पण १३ नोव्हेंबर १९५१ ला सरकारनं ती लवकर विकायला रीतसर परवानगी दिली, मग पॅरिसला पहिली बाटली कोण पोचवतो ह्याच्या शर्यती लागल्या, जॉर्ज द्युबफ ह्या व्यापाऱ्यानं ती जगभर नेली, आणि १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार ठरला. द्राक्ष सप्टेंबरात तोडायचं आणि अडीच महिन्यांत ग्लासात.

एवढ्या लवकर तयार कशी होते? घड न चुरडता अख्खेच्या अख्खे टाकीत भरायचे आणि टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडायचा. ऑक्सिजन नसल्यामुळं मण्याच्या आतच थोडं आंबणं सुरू होतं, सालीचा रंग उतरतो पण तुरटपणा कमी उतरतो. फ्रान्समध्ये मिशेल फ्लांझी ह्यांनी १९३४ पासून ह्यावर पद्धतशीर काम केलं. अशा वाइनला केळ्याचा किंवा बबलगमचा वास येतो, काही जण त्यावर नाक मुरडतात. मला चालतो.

तुरटपणाचं एकदा नीट सांगतो, कारण यंग रेड कळायची तर तेच कळलं पाहिजे आणि त्याला वाइन विकत घ्यायची गरज नाही. काळं द्राक्ष घ्या, शरद सीडलेस असलं तरी चालेल, मणी चिमटीत दाबून गर बाहेर काढा. गर जवळजवळ बिनरंगाचा निघतो, रंग सगळा सालीत. आता नुसती साल दाढेखाली सावकाश चावा. आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी हिरड्यांना आणि गालाच्या आतल्या बाजूला ओढल्यासारखं होतं, ते टॅनिन. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. वाइनच्या द्राक्षाला वर बिया पण असतात. बी हिरवी असेल तर कडवट, करकरीत, आणि पिकून तपकिरी झाली की तीच बी चावल्यावर भाजल्यासारखी लागते. वाइन बनवणारे तोडणीची तारीख ठरवताना ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, तर बघतातच पण बागेत फिरत बिया चावत असतात. नव्या रेडमध्ये हे टॅनिन सुटं आणि धारदार असतं, वर्षं जातील तसं ते आणि रंगद्रव्य एकमेकांना चिकटून मोठं होतं, काही तळाशी बसतं, आणि वाइन मऊ लागते. म्हणून ग्लास तिरका करून कडा बघायची, कडेला जांभळट झाक असेल तर वाइन नवी, विटकरी व्हायला लागली की वय झालं.

चाखण्याची भाषा आणि साधनं तर अगदीच कालपरवाची. चाखायच्या ग्लासचा आंतरराष्ट्रीय नमुना १९७७ चा, वाइनच्या वासांना नावं देणारं वासांचं चक्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अॅन नोबल ह्यांनी १९८४ मध्ये मांडलेलं. जिभेच्या शेंड्याला गोड आणि बाजूला आंबट हा शाळेतला नकाशा मात्र विसरा, १९०१ च्या एका जर्मन अभ्यासाचा नंतर काढलेला तो चुकीचा अर्थ आहे.

आता सांगलीकडं येऊ. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि दोन वाइन पार्क ठरवले, एक नाशिकला विंचूर आणि दुसरा आपला पलूस, कृष्णा व्हॅली. त्यावेळी इकडं कॅबर्ने, शिराज अशी वाइनच्या द्राक्षांची नावं पारावर ऐकू यायला लागली होती. काही वायनरी उभ्या पण राहिल्या. पण २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या आणि गिऱ्हाईक नाही, मग शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा काढून पुन्हा खायची द्राक्षं धरली. नाशिक सावरलं, पलूसचं बस्तान काही बसलं नाही. आपल्याकडं बेदाण्याचा भक्कम पर्याय हाताशी होता (२०१६ ला सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं), शिवाय नाशिकला मुंबईचा पर्यटक दारात येतो तसा पलूसला येत नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं, पण अण्णा हजारेंसह बऱ्याच जणांनी विरोध केला आणि ते बारगळलं.

हवामानाचा मुद्दा मात्र राहतोच. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडं तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि रेडचा माल उतरतो तो फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात. ऊन वाढलं की मण्यातलं आम्ल झपाट्यानं कमी होतं, आणि आम्ल कमी असलेली वाइन फार वर्षं टिकत नाही. त्यात आपली साठवण, एप्रिलात चाळीसला टेकणाऱ्या खोलीत बाटली उभी. त्यामुळं इथल्या बहुतेक रेड पहिल्या दोन-तीन वर्षांतच चांगल्या लागतात आणि त्यात कमीपणा कसलाच नाही.

रेड रूम टेंपरेचरला प्यायची हा नियम पण थंड देशातल्या घरांचा, तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. आपण अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची, हलकी असेल तर १३-१४ पर्यंत उतरू द्यायची. आणि तांबड्या रश्श्याबरोबर दणकट टॅनिनवाली नवी कॅबर्ने उघडू नका, तिखट आणि टॅनिन दोन्ही एकमेकांना पेटवतात, कमी तुरट आणि थंड केलेली घ्या. कॅबर्ने सुक्या मटणाबरोबर काढा, चरबी असली की तुरटपणा बराच बोथट होतो.