अंतर्गत फंक्शनची चाचपणी

रुबी, पायथनसारख्या भाषांसाठी सी-मध्ये एक्स्टेन्शन (भाषेला जोडायचा पूरक कोड) बांधताना, समोरच्या इंटरप्रिटरमध्ये (ती भाषा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) हवे ते फंक्शन आहे का हे मुख्य कोड कंपाइल होण्याआधी तपासण्याची पद्धत. जाहीर फंक्शने सहसा आवृत्त्यांमागून आवृत्त्या टिकतात; अंतर्गत फंक्शनांना तशी हमी नसते. ती नाव बदलतात, हेडर (फंक्शने जाहीर करणारी फाइल) बदलतात, किंवा गुपचूप नाहीशी होतात.

युक्ती जुनी आहे. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फनेही (बांधणीआधी संगणकावर काय काय आहे ते तपासणारे साधन) हेच केले : त्या फंक्शनचे नाव घेणारा दोन-चार ओळींचा सी प्रोग्राम लिहायचा, तो लिंक होतो का (लायब्ररीतल्या फंक्शनला जोडला जातो का) पाहायचे आणि फेकून द्यायचा. रुबीत हे काम एक्स्टेन्शनची बांधणी ठरवणाऱ्या मेकएमएफ लायब्ररीतले ‘हॅव-फंक’ करते. प्रोग्राम लिंक झाला की ‘हॅव’ने सुरू होणारा मॅक्रो (कंपायलरसाठीची खूण) लागतो आणि सी-कोडमधल्या ‘इफडेफ’ या अटीला कोणता कोड घ्यायचा ते कळते. प्रोग्राम चालवला मात्र जात नाही.

इथेच गोम आहे. हॅव-फंक आधी हेडरच्या आधाराने फंक्शनचा पत्ता घेऊन पाहते. ते जमले नाही तर स्वतःच एक खोटे डिक्लरेशन (फंक्शनची जाहीर ओळख) लिहून पुन्हा प्रयत्न करते. म्हणजे हेडरमध्ये नाव नसले तरी लायब्ररीत त्या नावाचे चिन्ह (सिम्बॉल) सापडले की उत्तर ‘यस’. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारावर पाटी आहे, एवढेच ते उत्तर सांगते. आत कोण राहते ते नाही.

याचे नमुनेदार उदाहरण म्हणजे जीव्हीएल (एका वेळी एकाच थ्रेडला रुबी कोड चालवू देणारे कुलूप) सोडून लांबलचक काम करू देणारे ‘आरबी थ्रेड कॉल विदाउट जीव्हीएल’. रुबी १.९ मध्ये ते लायब्ररीत होते, पण हेडरमध्ये जाहीर नव्हते. २.० मध्ये (फेब्रुवारी २०१३) ते ‘रुबी/थ्रेड’ हेडरमध्ये आले, तेही वेगळ्या डेटा-प्रकारांसह. त्याच कामाचे जुने ‘आरबी थ्रेड ब्लॉकिंग रीजन’ २.२ मध्ये काढून टाकले गेले. पुण्यात २०१२ ची रुबीकॉन्फ इंडिया भरली तेव्हा चलनात १.९.३ होती, म्हणजे हा सापळा ऐन भरात होता.

त्यात पाय अडकला तर काय होते? जुना कंपायलर डिक्लरेशन नसल्याची नुसती वॉर्निंग देई आणि फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत करते असे धरून चाले. ६४ बिटांच्या लिनक्सवर रुबीची ‘व्हॅल्यू’ (ऑब्जेक्टचा संदर्भ धरणारा प्रकार) ६४ बिटांची, इंट ३२ बिटांचा. वरचे बिट गळतात आणि सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम कोसळणे) भलतीकडेच उगवतो. बाणेरच्या एका ऑफिसात ज्युनिअर विचारतो, “अरे, यस आलंय, मग मरतंय कशाने?” आणि शेजारचा मान न वळवता म्हणतो, “यस कशावर आलंय ते लॉगमध्ये बघ ना.” मेकएमएफच्या लॉगमध्ये चाचणीचा सी-कोड, कंपाइलची आज्ञा आणि फसलेला पहिला प्रयत्न, सगळे असते. लोक तो उघडत नाहीत, ही खरी अडचण. जीसीसी या सी-कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीपासून (२०२४) मात्र असे अघोषित फंक्शन ही वॉर्निंग न राहता थेट एरर ठरते.

उपाय दोन. आधी ‘हॅव-हेडर’ने हेडर तपासायचे आणि मगच फंक्शन विचारायचे. किंवा हॅव-फंकला नुसते नाव न देता कंसात आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायच्या किमती) घालून पूर्ण कॉल द्यायचा. तेव्हा ते खोटे डिक्लरेशन घालत नाही, आणि हेडरमध्ये फंक्शन जाहीर असेल तर आर्ग्युमेंटांची संख्या चुकली की उत्तर ‘नो’ येते. हा दुसरा मार्ग फार थोड्यांना ठाऊक असतो.

पायथनमध्ये अंतर्गत नावे अंडरस्कोअरने सुरू होतात आणि तिथे सहसा आवृत्तीचा आकडाच तपासतात. त्याला कारणही आहे : ‘पायलाँग ॲज बाइटॲरे’ या अंतर्गत फंक्शनला ३.१३ मध्ये एक आर्ग्युमेंट वाढले, नाव तेच राहिले. निव्वळ नावाची चाचपणी इथे दोन्ही आवृत्त्यांवर ‘यस’च म्हणेल.