१५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर: मराठवाड्यात झेंडावंदन दोनदा का?

पुण्या-मुंबईहून बदली होऊन मराठवाड्यात आलेल्या माणसाला पहिल्याच सप्टेंबरात हा प्रश्न पडतो. महिन्यापूर्वीच तर झेंडावंदन झालं, मग आज पुन्हा कसलं? कुणीतरी सांगतं, आमचा स्वातंत्र्यदिन उशिरा आला. हे अर्धंच खरं आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचं राज्य संपलं. संस्थानांवरचा त्यांचा अंमलही त्याच दिवशी संपला आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद भारतापासून वेगळं ठेवलं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यात अडकले. सोलापुरात तिरंगा चढला. तिथून जवळच्या तुळजापुरात मात्र अजून निजामाचंच राज्य होतं.

म्हणून शब्दही वेगळा आहे: 'स्वातंत्र्य' नव्हे, 'मुक्तिसंग्राम'. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा हा लढा निजामाच्या राजवटीशी होता. समोर कासीम रझवीचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना, होती. जुनी माणसं त्या काळाला 'रझाकारी' म्हणतात आणि त्याच्या शेवटाला 'पोलीस ॲक्शन'. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य शिरलं, १७ तारखेला निजामाने हार मानली. १५ ऑगस्ट १९४७ पासून तोवर ३९९ दिवस गेले.

हा लढा नुसता हिंदू-मुसलमान म्हणून सांगितला की मला फार वाईट वाटतं. 'इमरोज' या वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू लेखणीने लढवली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पोलीस ॲक्शननंतर अनेक निरपराध मुसलमानांचेही जीव गेले. मुलांना हेही सांगायला हवं.

साजरं करण्यातही फरक दिसतो. १५ ऑगस्टला टीव्हीवर लाल किल्ला, गावात प्रभातफेरी आणि चौकाचौकात गरम जिलेबी. १७ सप्टेंबरला नजर दिल्लीकडे नसते. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री ध्वजारोहण करतात, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. त्या दिवशी आपापल्या तालुक्यातल्या हुतात्म्यांची आठवण निघते, मला तो त्यातला सर्वात मोलाचा भाग वाटतो.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, तारीखही तिघांकडे गेली. बिदर-कलबुर्गीकडे १७ सप्टेंबर आज 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून साजरा होतो.